एडिटिंग सॉफ्टवेअर सारखं उडतंय? आधी बघा नेमकं कुठे उडतंय

चवथ झाली की आणि पुढे जत्रांचा सीझन लागला की गोव्यात घरोघरी हेच काम, माटोळीचे (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट), घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीचे, देवळासमोर रात्रभर चाललेल्या नाटकाचे व्हिडिओ जोडायचे आणि मुंबईतल्या नाहीतर गल्फमधल्या नातेवाईकांना पाठवायचे. आणि मग फोन सुरू होतात की अरे ते सॉफ्टवेअर आपोआप बंद पडतंय, परत टाकू काय, विंडोज फॉरमॅट मारू काय. काही मारू नका. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आणि बऱ्याच वेळा तो उपायच नसतो, कारण भानगड त्या मोबाईलच्या क्लिपमध्ये असते आणि ती क्लिप नव्या विंडोजवर पण तशीच उडवणार.

काहीही करायच्या आधी प्रोजेक्ट 'सेव्ह अॅज' करून दुसऱ्या नावाने ठेवा, आरती१, आरती२ असं. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणा. आता मुद्द्यावर येऊ.

एकच एक्सपोर्ट, म्हणजे जोडलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल काढणं, दोन-तीनदा लावून बघा आणि तो कुठे उडतो ते कागदावर लिहून ठेवा. दरवेळी एकाच जागी उडत असेल तर दोष टाइमलाइनमध्ये (क्लिप ओळीने मांडतो ती पट्टी) आहे, म्हणजे एखादी क्लिप, इफेक्ट, टायटल असलं काहीतरी. एकदा वीस टक्क्यांवर, एकदा सत्तरवर, एकदा नुसतं प्ले करताना असं कुठेही उडत असेल तर दोष मशीनमध्ये, म्हणजे गरम होणं, रॅम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाहीतर लाईट. एवढं कळलं की अर्धं काम झालं, आणि लोक नेमकं हेच न बघता यूट्यूबवरचे दहा उपाय एका झटक्यात करतात आणि मग कशाने बरं झालं आणि कशाने अजून बिघडलं ते देवालाच ठाऊक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

समजा आरतीचा व्हिडिओ 40 मिनिटांचा आहे आणि एक्सपोर्ट दरवेळी 63 टक्क्यांवर मरतो. 40 चे 63 टक्के म्हणजे साधारण 25 मिनिटं 12 सेकंद. टाइमलाइनवर तिथे जा आणि आजूबाजूचं अर्धा-एक मिनिट नीट बघा, तिथे हमखास काहीतरी वेगळं सापडतं, कुणा भाच्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली क्लिप, स्लो मोशन, नाहीतर इंटरनेटवरून उतरवलेला फॅन्सी देवनागरी फॉन्ट. तेवढाच तुकडा इन-आऊट (सुरुवात आणि शेवटाच्या खुणा) लावून वेगळा एक्सपोर्ट करा. तिथेही उडाला तर चोर सापडला. त्यातली एक एक गोष्ट बंद करत जा, आधी इफेक्ट, मग टायटल, मग क्लिप. नक्की जागा कळत नसेल तर टाइमलाइनचा पहिला अर्धा भाग एक्सपोर्ट करा, मग दुसरा, जो उडेल त्याचे परत दोन भाग करा. कंटाळवाणं काम आहे पण चुकत नाही.

आता क्लिपचं बघू, कारण सगळ्यात जास्त वैताग तिचाच. मोबाईल सेकंदाला नेमक्या 30 फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेमचा वेग खालीवर होतो, याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. समईच्या उजेडात शूट केलेली आरती म्हणजे याचं पक्कं उदाहरण. प्लेयरमध्ये मस्त चालते, पण एडिटरला प्रत्येक फ्रेम कुठल्या क्षणाची ते नेमकं लागतं, मग कुठे घुमटाचा ठोका आणि हात पुढेमागे होतात, कुठे सॉफ्टवेअर गटांगळ्या खातं आणि बसतं. त्यात नवे फोन एचईव्हीसी म्हणजे एच.265 या जास्त दाबलेल्या फॉरमॅटमध्ये शूट करतात, वरून एचडीआर म्हणजे जास्त रंग-उजेडाचा व्हिडिओ, आणि जुन्या लॅपटॉपला ते उलगडताना घाम फुटतो.

उपाय फुकट आहे, हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर. क्लिप त्यात टाका, व्हिडिओच्या टॅबमध्ये एच.264 निवडा, फ्रेमरेट 30 करा आणि त्याच्या खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर टिक करा, क्वालिटी 18 ते 20 च्या आसपास ठेवा. निघेल ती फाइल टाइमलाइनवर घ्या, मूळ क्लिप मात्र डिलीट करू नका. शॉटकट हे एडिटर वापरत असाल तर 'कन्व्हर्ट टू एडिट-फ्रेंडली' हा ऑप्शन आतच आहे, केडेनलाइव्ह हे दुसरं एडिटर पण अशी क्लिप टाकली की स्वतःहून विचारतं. पुढच्या वेळी हा त्रासच नको असेल तर आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' करा आणि एचडीआर व्हिडिओ बंद करा, सॅमसंगमध्ये हाय एफिशियन्सीचा ऑप्शन असतो तो काढा. आणि व्हॉट्सअॅपवर क्लिप मागायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

क्लिप ठीक आहे पण 4के आहे आणि तुमच्याकडे 8 जीबी रॅम, तर प्रॉक्सी लावा. सॉफ्टवेअर हलकी कॉपी करून त्यावर काम करतं आणि एक्सपोर्टला मूळ क्लिप घेतं. डाविंची रिझॉल्व्ह, शॉटकट, केडेनलाइव्ह सगळ्यात आहे.

आता दुसरा प्रकार, कुठेही उडणारा. आमच्याकडे पहिला संशय गरमीवर घ्यावा. मोरजी-हरमलच्या बाजूला खारं वारं, पावसात सगळीकडे ओल, फॅनच्या जाळीत धुळीचा ओला लगदा बसतो आणि एप्रिल-मेमध्ये तर खोलीच तापलेली. एक्सपोर्ट चालू असताना एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा, प्रोसेसर सारखा 95 डिग्रीच्या वर बसला असेल तर आधी साफसफाई. साधी टेस्ट म्हणजे तोच एक्सपोर्ट पहाटे, लॅपटॉप खालून उचलून, समोर टेबल फॅन लावून करायचा. तेव्हा निघाला आणि दुपारी उडाला तर सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका.

नुसतं सॉफ्टवेअर बंद पडतं की आख्खा पीसी हेही बघा. पीसीच रीस्टार्ट होत असेल तर लाईटचं प्रकरण असू शकतं. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून लोक निवांत असतात, पण लाईट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात डेस्कटॉप आडवा होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा स्विच असतो, तो लावा, नाहीतर पीसीला वेगळा छोटा यूपीएस घ्या. जूनमध्ये गडगडायला लागलं की लांबलचक एक्सपोर्ट लावूच नये हे माझं मत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (मशीनच्या नोंदींची यादी) 'कर्नल-पॉवर 41' दिसलं तर मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं एवढं पक्कं, मग ती लाईट असो, पॉवर सप्लाय असो की उष्णता.

पीसी चालू आणि फक्त सॉफ्टवेअर उडालं तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्ट्री उघडा. त्या दिवसाच्या खाली लाल फुली असेल, तिच्यावर क्लिक करून टेक्निकल डिटेल्समध्ये 'फॉल्ट मॉड्यूल नेम', म्हणजे ज्या फाइलमध्ये गडबड झाली तिचं नाव, वाचा. नाव एनव्ही पासून सुरू होत असेल तर बहुतेक एनव्हिडियाचा ड्रायव्हर, आयजी असेल तर इंटेलचा, एटीआय किंवा एएमडी असेल तर एएमडीचा. एनटीडीएलएल (विंडोजची स्वतःची फाइल) दिसलं तर त्यातून काही कळत नाही, सोडून द्या. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा, एनव्हिडियाचा असेल तर गेम रेडी नको, स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर उलट डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक करा. आणि या सगळ्याच्या आधी दोन मिनिटांची टेस्ट, एक्सपोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडर (ग्राफिक्स चिपकडून फाइल बनवून घेणं) बंद करा. वेळ जास्त लागेल, पण निघाला तर बोट ग्राफिक्सकडेच जातं. काहीच लागू पडलं नाही तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅम तपासा.

सॉफ्टवेअर उघडतानाच उडत असेल तर प्रेफरन्सेस रीसेट, नवीन टाकलेले प्लगिन बाहेर, कॅश (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) रिकामी. फक्त एकच प्रोजेक्ट उघडताना उडत असेल तर नवा रिकामा प्रोजेक्ट करून जुना त्यात इम्पोर्ट करायचा, तेही नाही झालं तर ऑटोसेव्हमधला आदला.

सी ड्राइव्ह लाल झालाय का तेही बघा, कॅश तिथेच जाऊन बसते. पेनड्राइव्हवरच्या क्लिप तिथूनच एडिट करू नका, आधी हार्डडिस्कवर घ्या. आणि कुणीतरी पेनड्राइव्हमधून दिलेलं क्रॅक्ड सॉफ्टवेअर असेल तर वर लिहिलेलं काही उपयोगाचं नाही, ते का उडतं हे कोणीच सांगू शकणार नाही. रिझॉल्व्ह फुकट मिळतं पण त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं, साध्या लॅपटॉपवर शॉटकट बरं.

राहिलं एक, जे क्रॅश वाटतं पण नसतं. एक्सपोर्ट थेट पेनड्राइव्हवर लावलाय आणि 4 जीबीला येऊन थांबतो. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट32 आहे, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, आत कितीही जागा असली तरी. एक्सपोर्ट हार्डडिस्कवर करा आणि पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. घरचा जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर फॅट32 च ठेवून बिटरेट (व्हिडिओच्या एका सेकंदाला किती डेटा) 8 एमबीपीएस करा, एका फाइलमध्ये जेमतेम 70 मिनिटं बसतात. तीन तासांचं नाटक असेल तर अंकागणिक वेगळी फाइल काढा, मोठा अंक असेल तर त्याचेही दोन तुकडे.