ख्रिसमस बाजारातला कप आणि सुटे युरो

जर्मनीतल्या ख्रिसमस बाजारात गरम पेय घेतलं की पाटीवरच्या भावापेक्षा काही युरो जास्त घेतले जातात. ती फसवणूक नाही, कपाची अनामत आहे. तिथे तिला 'प्फांट' म्हणतात.

१. सुटे युरो आणि छोट्या नोटा कोटाच्या वरच्या खिशात ठेवा. अनेक टपऱ्यांवर कार्ड चालत नाही, आणि हातमोजे काढून पाकीट शोधणं थंडीत फार जिवावर येतं.

२. कपासोबत टोकन मिळालं तर जपा. कप आणि टोकन दोन्ही दिल्याशिवाय अनामत मिळत नाही.

३. दुसऱ्यांदा प्यायचं असेल तर त्याच टपरीवर रिकामा कप द्या. फक्त पेयाचे पैसे पडतील.

४. कप आवडला? परत करू नका. न्यूरेंबर्गच्या कपावर दरवर्षी नवं चित्र असतं. अनामतीच्या पैशांत इतकी छान आठवण दुकानात मिळणार नाही. बॅगेत मात्र लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवा.

लहान मुलं सोबत असतील तर 'किंडरपुन्श', म्हणजे मुलांसाठीचं बिनदारूचं गरम पेय, मागा. 'ग्लूवाइन' म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन, आणि दोन्हींचा वास बराच सारखा येतो.