वाय-फायवरच्या लॅपटॉपात व्हर्च्युअल मशीनला नेट देताना या चुका टाळा

केबल लावलेल्या डेस्कटॉपवर ब्रिज केला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) नेटवर्क कार्डामार्फत घरच्या नेटवर्कला थेट जोडलं, की त्याला राउटरकडून सरळ आयपी पत्ता मिळतो. तेच सेटिंग लॅपटॉपवर जसंच्या तसं उतरवायला गेलं, की मग तासन् तास डोकं धरून बसायची वेळ येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाय-फाय कार्डच ब्रिजमध्ये घालायला जाणं. लिनक्स 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' म्हणून नकार देतं आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो. दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरचा नसतोच. लॅपटॉपकडून अॅक्सेस पॉइंटकडे (राउटरच्या वाय-फाय भागाकडे) जाणाऱ्या नेहमीच्या फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या पाकिटात, तीनच पत्ते असतात: अॅक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्या कार्डाचा आणि शेवटच्या मुक्कामाचा. कार्डामागे आणखी कुणी बसलंय हे सांगायला त्यात जागाच नाही. शिवाय सोसायटीचा वॉचमन जसा वहीत नाव असलेल्यालाच आत सोडतो, तसा अॅक्सेस पॉइंट जोडणी केलेल्या मॅक पत्त्याच्याच (मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) फ्रेम घेतो. व्हर्च्युअल मशीनचा मॅक त्या वहीत नसतो. चार पत्त्यांची सोय असते, पण ती अॅक्सेस पॉइंटलाही यावी लागते. मॅकव्हीटॅप (ब्रिजऐवजी मशीन थेट कार्डाला जोडायची लिनक्समधली सोय) लावलात तरी अडचण हीच.

व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र वाय-फायवर ब्रिज चालताना दिसतो. तो बाहेर जाणाऱ्या फ्रेमवर लॅपटॉपचाच मॅक घालतो, म्हणून. पण एका मॅकमागे दोन आयपी खपवून न घेणाऱ्या हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर ही युक्ती कोसळते. त्यामुळे 'घरी चालतं' एवढ्यावर विसंबू नका.

लॅपटॉपसाठी माझं स्पष्ट मत: नॅट वापरा, म्हणजे मशीनची सगळी वाहतूक लॅपटॉपच्या पत्त्यावरून बाहेर जाऊ द्या. बाहेरच्या राउटरला फक्त लॅपटॉप दिसतो, जागा बदलली तरी काही बिघडत नाही. लिनक्समधलं केव्हीएम वापरत असाल तर मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टचं 'डीफॉल्ट' नावाचं नॅट नेटवर्क बहुधा तयारच असतं, १९२.१६८.१२२ या पट्ट्यातलं. ते बंद पडलेलं असेल, तर सुरू करा आणि ऑटोस्टार्टही लावून ठेवा. नाहीतर रीबूटनंतर पुन्हा तीच तक्रार.

नॅट लावल्यावर लोक आधी पिंग करतात (दुसरा संगणक उत्तर देतो का ते बघतात), उत्तर आलं नाही की नेट नाही असं ठरवून सेटिंग पुन्हा उलटंपालटं करतात. क्यूईएमयू या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या युजर मोड नॅटमध्ये बाहेरचा पिंग अनेकदा चालत नाही, पण वेबसाइट व्यवस्थित उघडतात. म्हणून एखादं पान उघडून बघा. आयपीने पोचता येतं आणि नावाने नाही, असं असेल तर डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) तपासा. लॅपटॉपच्या सेटिंगमधला १२७.०.०.५३ हा स्वतःकडेच बोट दाखवणारा पत्ता मशीनमध्ये कॉपी केला असेल, तर ते मशीन स्वतःलाच विचारत बसतं!

आता उलटी वाट, लॅपटॉपवरून मशीनमध्ये शिरायची. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये प्रत्येक मशीनला सहसा १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो, आणि लॅपटॉपवरून त्यावर एसएसएच (दुसऱ्या संगणकावर दुरून लॉगिन) करून काही उपयोग नसतो. त्याऐवजी पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये लॅपटॉपचा २२२२ पोर्ट मशीनच्या २२ या एसएसएचच्या पोर्टवर वळवा. होस्ट आयपीच्या (होस्ट म्हणजे लॅपटॉप) रकान्यात १२७.०.०.१ भरायला विसरू नका, नाहीतर कॅफेच्या वाय-फायवरचा कुणीही तुमचं दार ठोठावू शकतो. दोन-तीन मशीनना एकमेकांशी बोलायचं असेल, तर होस्ट-ओन्लीचं (फक्त लॅपटॉप आणि त्यातल्या मशीनपुरतं) दुसरं अॅडॉप्टर जोडा, फक्त त्याला गेटवे (बाहेर जायचा रस्ता) देऊ नका. दिलात तर बाहेर जाणारे पॅकेट त्या बंद गल्लीत शिरतात.

कालपर्यंत चालणारं नेट डॉकर (अॅप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) बसवल्यावर गेलं? डॉकर आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमधल्या फॉरवर्ड साखळीचं (पुढे पाठवायच्या पॅकेटच्या नियमांचं) धोरण 'ड्रॉप', म्हणजे टाकून द्या, असं करतं, त्यात लिबव्हर्टची मशीनंही अडकू शकतात. फायरवॉल अख्खी बंद करू नका. डॉकर-युजर साखळीत लिबव्हर्टच्या ब्रिजच्या ये-जा वाहतुकीला परवानगी द्या.

आणि मशीनला घरच्या नेटवर्कवर स्वतःचा पत्ता हवाच असेल, तर यूएसबी-इथरनेट अॅडॉप्टर घ्या, राउटरपर्यंत केबल ओढा आणि ब्रिज त्याच्यावर करा. केबल शक्य नसेल तर वाय-फायचा यूएसबी डोंगल थेट व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात द्या. मग राउटरशी जोडणी ते स्वतःच करतं.