पेढीच्या संगणकासाठी अँटीव्हायरस निवडताना

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडतीची पेढी असो, गणपती पेठेतील कर सल्लागाराचे कार्यालय असो किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतील लहानसा कारखाना असो, अँटीव्हायरस घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता चांगला? दुकानदार बहुधा फडताळात जो शिल्लक असेल त्याचे नाव सांगतो. त्याआधी स्वतःला विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्या संगणकावर दिवसभर कोण बसते, आणि पडद्यावर इशारा उमटला तर तो वाचून त्यावर काही करणार कोण?

हा प्रश्न मी एका पेढीवर शिकलो. पैसे मोजून घेतलेला, नावाजलेला अँटीव्हायरस तेथे होता, तरीही ऐन हळदीच्या हंगामात हिशेबाच्या सगळ्या फाईल कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागणारी चिठ्ठी पडद्यावर आली. चौकशी केली तेव्हा दिवाणजी म्हणाले, "साहेब, ती लाल चौकट सौद्याच्या वेळीच सारखी यायची, म्हणून ते बंदच करून ठेवलं होतं." सुदैवाने दहा दिवसांपूर्वीची प्रत सापडली, पण मधल्या दहा दिवसांच्या नोंदी कच्च्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. दिवाणजींना दोष देण्यात अर्थ नव्हता. कामाच्या आड येणारे संरक्षण माणूस बंद करणारच, हे निवड करणाऱ्याने आधीच धरून चालायला हवे होते, आणि तो निवड करणारा मी होतो.

म्हणून सुरुवात दुकानात जाऊन नव्हे, तर कागद घेऊन करावी. प्रत्येक संगणकासमोर विंडोजची आवृत्ती, रॅम किती, साधी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, टॅली, ई-वे बिल, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांपैकी त्यावर काय चालते, बाहेरचे पेन ड्राइव्ह लागतात का, हे लिहून काढावे. यातला विंडोजचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. त्या विंडोजमधल्या डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला नव्या विषाणूंची ओळख पुढेही काही काळ मिळत राहणार आहे, त्यामुळे सारे काही ठीक असल्याचा भास होतो. परंतु विंडोजमध्येच सापडणारी नवी भगदाडे मात्र वाढीव मुदतीची दुरुस्ती योजना घेतल्याखेरीज बुजवली जात नाहीत. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' हा फाईल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर पसरला तेव्हा ज्या भगदाडातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, आणि ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांचीच यंत्रे प्रामुख्याने सापडली. तेव्हा जुन्या विंडोजवर महागडा अँटीव्हायरस चढवण्याऐवजी ते पैसे आधी विंडोज 11 वर जाण्यासाठी, आणि यंत्र त्याला पेलत नसेल तर नव्या यंत्रासाठी खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर घरात आधीच काय आहे ते पाहावे. विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि स्वतंत्र चाचण्यांमध्ये त्याला अलीकडच्या वर्षांत सातत्याने चांगले गुण मिळतात. एक-दोन संगणकांच्या कार्यालयाला, विंडोज वेळच्या वेळी अद्ययावत होत असेल आणि रोज बसणाऱ्याच्या खात्याला नवे प्रोग्रॅम बसवण्याचा अधिकार नसेल, तर बहुतेक वेळा तोच पुरतो. फक्त 'विंडोज सिक्युरिटी' उघडून त्यातील 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू असल्याची खात्री करावी, म्हणजे एखादा घातक प्रोग्रॅम डिफेंडरला परस्पर बंद करू शकत नाही. तेथेच रॅन्समवेअरच्या, म्हणजे खंडणीसाठी फाईल कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, विभागात 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोय आहे. ती सहसा बंद असते. ती चालू करून हिशेबाच्या माहितीचा फोल्डर त्यात घातला, की अनोळखी प्रोग्रॅमला तेथे लिहिता येत नाही. मात्र आपल्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला परवानगीच्या यादीत घालण्यास विसरू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले बिल जतन होणार नाही आणि ती सोय दुपारच्या आत बंद केली जाईल.

मग विकतचा केव्हा घ्यावा? पाच-सहा किंवा अधिक संगणक असतील आणि कोणत्या यंत्रावर काय सापडले, कोणाची मुदत संपली, कोणी संरक्षण बंद केले हे एकाच जागी बसून पाहायचे असेल, तर मध्यवर्ती नियंत्रण असलेली व्यवसायासाठीची आवृत्ती घ्यावी. पेन ड्राइव्हवर बंदी घालणे किंवा ठरावीक पेन ड्राइव्हलाच परवानगी देणे हेही त्यातून करता येते, आणि आपल्या भागात फोटो-झेरॉक्सच्या दुकानातून फिरून येणारे पेन ड्राइव्ह पाहता ही सोय पैसे वसूल करणारी आहे. तिसरे कारण मदतीचे: अडचण आली तर फोनवर आपल्या भाषेत बोलणारा माणूस किती वेळात मिळतो, हे खरेदीपूर्वी एकदा फोन करून अजमावावे. क्विक हील ही पुण्याची कंपनी उभी करणारे कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे, ही आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट आहे आणि तो अभिमान योग्यच आहे. पण त्यांच्या उत्पादनालाही इतरांना लावतो तीच फूटपट्टी लावावी.

ती फूटपट्टी जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थांच्या अहवालांत आयती मिळते. एव्ही-टेस्ट संरक्षण, यंत्रावरचा भार आणि वापरातील त्रास यांना प्रत्येकी 6, असे एकूण 18 गुण देते. आघाडीच्या उत्पादनांत संरक्षणाचे गुण जवळजवळ सारखेच असतात, म्हणून पेढीसाठी उरलेले दोन रकाने बारकाईने वाचावेत. वापरातील त्रास म्हणजे मुख्यतः निर्दोष फाईलवर घेतलेला आळ. असा आळ वरचेवर घेणारा अँटीव्हायरसच दिवाणजी बंद करतात. एकाच अहवालावर विसंबू नये, लागोपाठचे दोन-तीन पाहावेत.

फुकटच्या अँटीव्हायरसबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुष्कळशा फुकट आवृत्त्यांचा परवाना केवळ घरगुती वापरासाठी असतो, त्यामुळे कार्यालयात त्या वापरणे हा परवान्याचा भंग ठरतो. दुसरे, फुकटची किंमत कोठेतरी वसूल होते: ग्राहकांच्या इंटरनेटवरील भटकंतीची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2024 मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीला 1 कोटी 65 लाख डॉलर भरण्यास लावले. आणि विंडोज किंवा टॅली 'क्रॅक' करून देणारा जेव्हा "आधी अँटीव्हायरस बंद करा" असे सांगतो, तेव्हा तो काय आत सोडू पाहतो आहे हे वेगळे सांगायला नको.

दोन नावे निवडून झाली की चाचणीची मोफत मुदत घ्यावी, आणि ती अशी घ्यावी की महिन्याची 11 आणि 20 तारीख, म्हणजे जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी भरण्याचे दिवस, त्या मुदतीत येतील. संगणक सुरू करून टॅली उघडेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून आधी आणि नंतर मोजावे. टोकनने स्वाक्षरी करून पाहावी, कारण स्वाक्षरीचा छोटा प्रोग्रॅम अँटीव्हायरसच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या भागात, अडकण्याचा प्रकार हमखास घडतो. एकाच यंत्रावर दोन अँटीव्हायरस एकदम ठेवू नयेत. जुना पूर्ण काढून, यंत्र पुन्हा सुरू करून मगच नवा बसवावा. रक्षक खरोखर जागा आहे का हे पाहण्यासाठी 'आयकार' नावाची 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाईल मिळते. ती उतरवताच आरडाओरड झाली पाहिजे.

खरेदी करताना पहिल्या वर्षाच्या सवलतीवर न भुलता नूतनीकरणाचा दर लेखी घ्यावा, बिल व्यवसायाच्या नावाने व जीएसटी क्रमांकासह घ्यावे, आणि परवान्याची नोंदणी दुकानदाराच्या किंवा कारकुनाच्या ईमेलवर न करता पेढीच्या ईमेलवर करावी. बसवल्यावर लगेच सेटिंगला पासवर्ड लावावा आणि तो मालकाकडे ठेवावा. एखाद्या प्रोग्रॅमला वगळायचे झाल्यास त्या एका फाईलपुरते वगळावे. 'त्रास नको' म्हणून संपूर्ण सी ड्राइव्ह वगळलेली मी स्वतः पाहिली आहे.

संरक्षण देणारा प्रोग्रॅमही कधी यंत्र बंद पाडू शकतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे विंडोजची सुमारे 85 लाख यंत्रे बंद पडली आणि अनेकांना बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, चावी कोठे आहे हे शोधत बसावे लागले. ती चावी कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी. हिशेबाची प्रत रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि काम होताच डिस्क काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्कही रॅन्समवेअर कुलूपबंद करते. 2019 चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना ही डिस्क तळमजल्यावर ठेवू नका हे सांगावे लागत नाही; तरीही आणखी एक प्रत क्लाउडवर असावी.

शेवटी संगणकाशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवावा. लाल इशारा आला तर त्यावर दाबून तो घालवू नये, मोबाइलवर त्याचा फोटो काढावा, नेटवर्कची तार उपसावी किंवा वायफाय बंद करावे आणि ठरलेल्या माणसाला फोन करावा, एवढे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. त्याखाली त्या माणसाचा क्रमांक, खात्यातून पैसे गेल्यास लावायचा 1930 हा सायबर मदत क्रमांक, आणि परवान्याच्या मुदतीची तारीख.