कॅटकॉन बदलायचा की काढून टाकायचा?

कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. ‘काढून टाका हो, सरळ पाइप मारा, पिकअप वाढेल,’ असं जुन्या गाडीवाले गॅरेजमध्ये येऊन हमखास सांगतात. मी आधी गाडी थंड होऊ देतो, मग खाली शिरून कॅटकॉनवर रबरी हातोडीने हलकेच ठोकतो. खुळखुळ आवाज आला, तर आतली सिरॅमिकची जाळी फुटली म्हणून समजा. जाळी वितळून तुंबली असेल, तर चढावर गाडी गुदमरते.

स्कॅनरवर नुसता पी-०४२० कोड, म्हणजे ‘कॅटकॉन नीट काम करत नाही’ असा इशारा, दिसला म्हणून मात्र खिशात हात घालू नका. सायलेन्सर कुठे लीक आहे का, मागचा ऑक्सिजन सेन्सर मेलाय का, ते आधी बघा. कॅटकॉन सहसा आपण होऊन मरत नाही. मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं, किंवा जळणारं ऑइल त्याला मारतं. म्हणून प्लग, कॉइल तपासा. इंजिन ऑइल पीत असेल, तर नवाही तसाच जाईल.

काढायचं म्हणाल, तर मी ते काम घेत नाही. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. कॅटकॉनशिवाय ते जमणं कठीण. वर प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत. पंधरा वर्षांनी आरटीओत नूतनीकरणाला जाल, तेव्हा पुन्हा तेच.

इंजिन धड असेल, तर बदला. जुना फुकट सोडू नका, आत प्लॅटिनम-पॅलेडियम असतं. आणि इंजिनच संपलं असेल, तर गाडी स्क्रॅपला द्या.