शाळेच्या खरकट्याचं खत: आधी पालापाचोळा साठवा

दुपारचं जेवण झालं की शाळेत उरतं काय? ताटातला सांबार-भात, भाजीची देठं, अंड्यांची टरफलं, केळीच्या साली. याचं उत्तम खत होतं. पण खानापूर-बेळगावच्या पावसात बहुतेक ठिकाणी ते कुजून वास मारतं, कारण जून-जुलैत त्यात घालायला सुकं काही हाताशी नसतं. म्हणून तयारी फेब्रुवारी-मार्चमध्येच करायची. साग, आंबा, फणसाची पानं गोळा होतात तेव्हा ती पेटवू नका. एप्रिलच्या सुट्टीआधी पोत्यांत भरून छपराखाली रचा. सागाची पानं चिवट असतात, ती पोरांना पायांनी चुरायला सांगा. हे काम ती आवडीनं करतात. निपाणी-चिकोडीकडे उसाचं पाचट बारीक तोडून चालतं.

जास्त पावसाच्या गावात खड्डा खणू नका, त्यात पाणी भरतं. जमिनीवरच चिऱ्यांचे किंवा विटांचे दोन हौद रचा. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी तीन फूट, मध्ये हवेसाठी फटी आणि वर पत्रा. एक भरत असताना दुसरा मुरत राहतो.

तळाला काटक्या पसरा. मग एक बुट्टी ओला कचरा, त्यावर दोन-तीन बुट्ट्या पालापाचोळा. सांबार आधी निथळून घ्या. टरफलं चुरडून घाला, नाहीतर ती महिनोन् महिने तशीच दिसतात. हाडं आणि तेलकट उरलंसुरलं टाकू नका; कुत्री, घुशी येतात. पहिल्या थरावर थोडा शेणकाला शिंपडला की कुजणं लवकर सुरू होतं. रोजचं खरकटं उघडं राहता कामा नये, वरचा थर नेहमी पानांचाच हवा.

आठवड्यातून एकदा मोठ्या वर्गातल्या मुलांनी फावड्यानं ढीग वरखाली करावा. आतून वाफ निघते, तिथं हात घालू देऊ नका. नंतर, ढीग निवला की, मूठभर घेऊन दाबायचं: एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. पाणी गळलं किंवा घाण वास आला तर पानं वाढवा आणि पुन्हा हलवा. मुंग्या झाल्या तर ढीग कोरडा पडलाय, पाणी शिंपडा. काम झाल्यावर साबणानं हात धुणं सक्तीचं. हाताला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी नोंदवहीचं काम द्या.

आणि खत हवं म्हणून ताटात जास्त वाढू नका. जेवढं पोटात जाईल तेवढं चांगलं.

हौद भरल्यावर साधारण तीन महिने लागतात. खत काळसर, भुसभुशीत झालं आणि मातीसारखा वास आला की चाळा. कढीपत्ता, शेवगा, पपई, जास्वंद यांना बुंध्यापासून वीतभर लांब आळ्यात घालून मातीत मिसळा. चाळणीवर राहिलेला जाड भाग टाकू नका, पुढच्या हौदाला विरजण म्हणून तोच घाला.