पांढरा दिसला म्हणजे पू नव्हे

नाक-कान-घसा विभागात रुजू झालो त्या पहिल्याच हिवाळ्यात मी एका लहान सायनसला, म्हणजे चेहऱ्याच्या हाडातल्या हवेच्या पोकळीला, आजारी ठरवलं. नाशिकची थंडी, सर्दीची ही रांग, आणि त्यात निफाडकडचा एक तरुण द्राक्षबागायतदार. डाव्या गालात ठणका म्हणून आलेला. वॉटर्स व्ह्यू (सायनस दाखवणाऱ्या) एक्स-रेत डावा मॅक्सिलरी, म्हणजे गालातला सायनस पांढराफटक. हवा काळी दिसते, म्हणून पांढरं ते पू समजलो. 'सायनुसायटिस' असं ठोकून लिहिलं, अँटिबायोटिक दिलं. दोन कोर्स झाले तरी ठणका आणि एक्स-रे दोन्ही जागच्या जागी.

मग सीटी पीएनएस (सायनसचा सीटी स्कॅन) काढला. सरांनी फिल्म उजेडावर धरली. "यात पू दाखव."

पू नव्हताच. सायनस मुळातच अर्धवट वाढलेला, भिंती जाडजूड. एक्स-रेत ते जाड हाड आणि त्यावरचं गालाचं मांस मिळून पांढरं दिसत होतं.

नव्याने येणाऱ्यांनी ही एक गोष्ट हाताला लावून घ्या: आधी पोकळीचा आकार आणि भिंती बघा, पांढरेपणा नंतर. दोन्ही बाजू ताडून बघा. आणि अनसिनेट प्रोसेस, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीतलं आकड्यासारखं पातळ हाड, शोधा. बोल्जर आणि सहकाऱ्यांनी 1990 साली मॅक्सिलरी हायपोप्लेझियाचे (हा सायनस अर्धवट वाढण्याचे) तीन प्रकार केले, ते याच हाडावर उभे आहेत. पहिल्यात अनसिनेट नीट असतो, सायनस थोडा लहान. दुसऱ्यात अनसिनेट खुरटलेला किंवा नसलेला. तिसऱ्यात अनसिनेट नाही आणि सायनसच्या जागी नुसती फट. खुरटलेला अनसिनेट डोळ्याच्या खोबणीला चिकटून बसलेला असू शकतो. एंडोस्कोपीत (दुर्बिणीतून ऑपरेशन करताना) नेहमीच्या सवयीने तिथे चाकू घातला, तर तो थेट खोबणीत.

सायलेंट सायनस सिंड्रोमशी मात्र गल्लत नको. तिथे चांगला वाढलेला सायनस पुढे आत ओढला जातो, त्याचं छत, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ, खचतं आणि डोळा खोल जातो. म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याकडेही बघा. आम्ही रेसिडेंट फिल्मकडेच बघत बसतो.

फ्रॉन्टल, म्हणजे कपाळातला सायनस जन्मतः नसतो, सावकाश वाढतो. मोठ्या माणसात एका बाजूला तो अजिबात नसणंही नवल नाही. पण तो खुरटलेला, जोडीला लहानपणापासूनचा खोकला आणि हृदय उजवीकडे असं दिसलं, तर कार्टाजेनर सिंड्रोम हा जन्मजात आजार आठवा.

सायनसच्या ऑपरेशनआधी केरोस प्रकार मोजायला विसरू नका. ऑल्फॅक्टरी फोसा, म्हणजे नाकाच्या छतावरचा खळगा, किती खोल यावर तीन प्रकार: 1 ते 3, 4 ते 7, 8 ते 16 मिलिमीटर. जितका खोल, तितकी बाजूची पातळ भिंत फुटायची भीती.

(प्रबंधाला 'सीटीवरील सायनसचे रचनाभेद' हाच विषय घ्यायचा मोह होईल. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला सिनॉप्सिस पाठवण्याआधी सीनियरांचे प्रबंध चाळा, निम्मे तेच निघतील.)

त्या बागायतदाराचं दुखणं शेवटी किडलेल्या दाढेचं निघालं. सीटी समजावून सांगितला, तर तो हसून म्हणाला, "म्हणजे डॉक्टरसाहेब, पोकळी कमी तर मेंदूला जागा जास्त?"