रेस्क्यू बोटीवर जीपीएस आणि होकायंत्र कसं वापरायचं

खडकवासल्याच्या बॅकवॉटरला बोट घेऊन जाताय तर जीपीएस किनाऱ्यावरच चालू करा, सॅटेलाईट पकडायला त्याला जरा वेळ लागतो आणि निघायची जागा तिथेच सेव्ह करून टाका, अंधारात परत यायला तीच कामाला येते. कोणी पाण्यात पडलं की लगेच जीपीएसवरचं एमओबी (मॅन ओव्हरबोर्ड, म्हणजे माणूस पडल्याच्या जागेची खूण करणारं) बटण दाबायचं, पण लक्षात ठेवा ती खूण जागेवरच राहते आणि माणूस वाहत जातो, म्हणजे पुरात मुठेत शोधायचं तर खुणेपासून खाली प्रवाहाच्या दिशेने शोधा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांचा!! वायरलेसवर १८ अंश ३० मिनिटं सांगितलं आणि तुम्ही १८.३० टाकलंत तर तब्बल २२ किलोमीटर चुकलात, कारण ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणून ते १८.५० होतं. म्हणून समोरच्याला फॉरमॅट विचाराच, आकडे परत वाचून दाखवा.

बोट थांबलेली असताना जीपीएसच्या दिशेवर विश्वास नको, तेव्हा होकायंत्र बघा. फक्त मोबाईल, वायरलेस, लोखंडी हुक त्याच्यापासून लांब ठेवा, काटा फिरतो.